माळावर रुजू होणाऱ्या वनरक्षकाला

भरतीचं मैदान मारलंत, आता कामाला लागा. मुलग्यांना 30 मिनिटांत 5 किलोमीटर, मुलींना 25 मिनिटांत 3 किलोमीटर धावायला लावतात; पुढे 4 तासांत 25 किंवा 16 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. त्यातलं धावणं विसरलात तरी चालेल. चालणं मात्र निवृत्तीपर्यंत सुटत नाही. सोलापूरच्या माळावर वनरक्षकाला पळायची वेळ आली, तर त्याच्या बऱ्याच आधी कुठंतरी काहीतरी बघायचं राहून गेलेलं असतं.

मी याच जिल्ह्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा हा माझा पट्टा. प्रशिक्षणात शिकवतात ते परत सांगत नाही. तिथं साग, बांबू आणि वाघ यांचं बरंच येतं. इथं साग नाही, बांबू नाही, आणि वाघ आलाच तर पाहुणा म्हणून येतो. मला सांगायचंय ते माळाबद्दल.

विदर्भातली किंवा कोकणातली पोरं माळढोक अभयारण्यातल्या नान्नज गावी उतरली की पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, जंगल कुठंय?" तुम्ही उभे आहात ते जंगलच. कुसळी, मारवेल, पवन्या, मुरमाड बरड, मध्येच एखादी बोर नाहीतर हिवर. सत्तरच्या दशकात सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोक पक्ष्यांकडे लोकांचं लक्ष वेधलं आणि 1979 साली अभयारण्य झालं. तेव्हा कागदावर ते सोलापूर आणि नगर मिळून 8,496 चौरस किलोमीटर होतं; त्यात गावं, रस्ते, लोकांची शेतं सगळंच आलं आणि सात-बाराच्या कटकटींनी लोक वर्षानुवर्षं आपल्यावर चिडून राहिले. पुढे हद्द कमी होऊन 1,222 चौरस किलोमीटरच्या आसपास आली. राग मात्र तेवढा कमी झाला नाही, हे लक्षात ठेवून गावात पाऊल टाका.

माळढोक आता दिसला तर पेपरात बातमी येते. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. अंगानं जड, उडताना समोरचं नीट दिसत नाही म्हणून विजेच्या तारांना धडकतो. असा पक्षी टिकवणं अवघडच होतं. गावातले लोक तुम्हाला विचारतील, "ढोक तर गेला, आता राखताय काय?" चिडू नका. काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे, धाविक आणि पखुर्डी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. आणि गवत आहे, जे त्यांच्याच मेंढरांना लागतं. एवढं सांगा आणि चहा घ्या.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस लांडग्याला घाबरतो. मी माळावर माणसं जायबंदी झालेली पाहिली ती उन्हानं, विहिरीनं, तारेनं, वणव्यानं आणि बघ्यांच्या गर्दीनं. लांडग्यानं नाही. म्हणून तयारी त्या क्रमानं करा.

पहिला महिना फक्त चाला

मोटारसायकल चौकीवर ठेवा. बीटची, म्हणजे तुमच्या वाट्याच्या राखायच्या भागाची, हद्द पायी फिरा, एका दमात नाही, तुकड्या तुकड्यानं. सोबत जुना वनमजूर घ्या. त्याला कागद वाचता येत नसेल, पण हद्दीचा कुठला दगड कोणी कधी सरकवला हे त्याला तोंडपाठ असतं.

चालताना वहीत नकाशा काढत जा. मोबाइलमध्ये नकाशा असतो हे मलाही माहीत आहे. मोबाइल मे महिन्यात खिशात तापून बंद पडतो हेही माहीत आहे. त्या नकाशात काय हवं? प्रत्येक विहीर, कठडा आहे की नाही त्यासकट. प्रत्येक पाणवठा. विजेची लाइन कुठून कुठं जाते. मोबाइलला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते. चारचाकी कुठपर्यंत येते, कारण जखमी माणूस तिथपर्यंत खांद्यावर आणायचा असतो. कुठल्या ओघळीत मागच्या हिवाळ्यात लांडग्यांचं बिळ होतं. ही शेवटची नोंद वहीत सांकेतिक ठेवा, फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका. पिल्लं बाहेर येण्याच्या दिवसांत गाड्या बिळाच्या तोंडाशी नेऊन उभ्या करणारे हौशी लोक आता शिकाऱ्याइतकाच त्रास देतात. मादी बिचकली की पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत गावची कुत्री टपलेली असतात.

धनगरांशी ओळख करा. मेंढपाळ दिवसभर माळावर असतो, तुम्ही नसता. "मामा, काल कुठं बसला होता?" एवढं विचारलं की लांडगा कुठल्या बाजूला सरकलाय, कुठं अनोळखी मोटारसायकल आली होती, कुठं विहिरीतून आवाज येतोय, सगळं कळतं. पण पहिल्याच भेटीत चराईची पावती फाडलीत तर पुढची सगळी वर्षं त्या मामांना काहीच दिसणार नाही. कायदा मोडू द्या असं मी म्हणत नाही. चराईला बंद कंपार्टमेंट (रानाचा तुकडा) कुठलं, खुलं कुठलं, हे आधी दाखवा, मग दुसऱ्यांदा आला तर पावती. लांडग्यानं कोकरू नेलं तर त्याच दिवशी पंचनाम्याला जा. भरपाईसाठी 48 तासांत कळवावं लागतं आणि मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. घाण वास येतो म्हणून फेकून देतात आणि मग दावा अडतो. हे आधीच वस्ती-वस्तीवर सांगून ठेवा. भरपाई वेळेवर मिळालेला मेंढपाळ मेलेल्या कोकरावर विष टाकत नाही. लांडगा राखायचा याहून स्वस्त उपाय मला सापडला नाही.

आणखी एक. कुठं फासा सापडला की आधी पारधी वस्तीवर जायची आपल्या खात्यात जुनी खोड आहे. ती उचलू नका. माझ्या काळात सर्चलाइट लावून जीपमधून ससे, हरणं मारायला आलेले बरेचसे शहरातले, चांगल्या घरचे होते. पुरावा जिकडं नेईल तिकडं जा.

ऊन

सोलापूरचा एप्रिल-मे सांगायला नको. पारा 42-43 वर जातो आणि माळावर सावलीला झाड नसतं. गस्त पहाटे साडेपाचला सुरू करा, दहाच्या आत संपवा, पुन्हा साडेचारनंतर. दुपारी पाणवठ्याच्या मचाणावर बसायचं असेल तर आधीच जाऊन बसा.

पाणी माणशी 4 ते 5 लिटर. ओआरएसची पाकिटं वर्दीच्या खिशात, पिशवीत नाही. पिशवी गाडीत राहते. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी; दोन्ही दिवसभर खराब होत नाहीत आणि तहानही फार लावत नाहीत. फरसाण नको.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडचिड करायला लागला, तोल जायला लागला की थट्टा करू नका, तो उष्माघात असू शकतो. सावली नसेल तर गाडीच्या सावलीत झोपवा, बूट-शर्ट काढा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा, वारा घाला आणि तसंच थंड करत करत दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. 108 ला फोन लावा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवू नका.

पाणवठे टँकरनं भरले की रोज एक फेरी मारा. पाण्याशेजारी तितर, मधमाश्या, चिमण्या मरून पडलेल्या दिसल्या, थिमेटसारखा (कीटकनाशकाचा) वास आला, तर पाण्यात हात घालू नका. पाणवठ्यावर पहारा लावा, नमुना घ्या, मेलेली पाखरं गोळा करताना प्लास्टिकचे मोजे घाला. हे विष माणसाच्या कातडीतूनही आत जातं.

विहिरी

याच्यावर जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे वर्षभर हेच काम लागतं.

सोलापूर जिल्ह्यात बिनकठड्याच्या विहिरी भरपूर. काळवीट कुत्र्यांना घाबरून पळताना पडतं, खोकड आणि लांडगा रात्री, करमाळा-माळशिरसकडे उसाच्या पट्ट्यात बिबट्याही. फोन येतो तेव्हा काठावर गाव जमलेलं असतं आणि एखादा उत्साही पोरगा कमरेला दोर बांधून तयार असतो. पहिलं काम त्याला खाली उतरू न देणं. दुसरं काम तुम्हीही न उतरणं. जुन्या, न उपसलेल्या विहिरीत हवा खराब असते. माणूस उतरतो, गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि असे तीन-तीन जण गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. काठावरचा जुना दगडही तुमच्या वजनानं सुटू शकतो, म्हणून वाकून बघायचंच असेल तर पोटावर झोपून बघा, मागून कोणीतरी पाय धरलेले असू द्या.

मग जनावराकडे वळा. पाणी खोल असेल तर ते पोहून पोहून दमून मरतं, तेव्हा आधी त्याला टेकायला काहीतरी द्या. खोकड किंवा लांडग्याला मोठी पाटी, कॅरेट. बिबट्याला चारही कोपऱ्यांना दोर बांधलेली लाकडी बाज. ती सोडली की बिबट्या बऱ्याचदा आपणहून चढून बसतो. मग घाई संपली. पिंजरा येऊ द्या, पशुवैद्यकीय अधिकारी येऊ दे, अंधार पडू दे. लांडगा-खोकडासाठी कधी कधी एक लांब लाकूड नाहीतर शिडी तिरकी सोडून सगळे बाजूला झालात तर रात्री तो स्वतःच निघून जातो. मला हाच उपाय सगळ्यात जास्त आवडतो, पण गावाला आवडत नाही, कारण बघायला काही मिळत नाही.

हरणाचं वेगळं. ते वर आलं की लोकांना वाटतं वाचलं, मग सेल्फी, पाठीवरून हात, तोंडात पाणी. भीतीनं आणि धडपडीनं हरणाचे स्नायू आतून तुटत जातात आणि वर काढलेलं धडधाकट काळवीट तासा-दिवसांनी मरतं. म्हणून वर आल्या आल्या डोळ्यांवर कापड, आवाज बंद, उन्हात ठेवायचं नाही, आणि जखम नसेल तर लगेच, जवळच्याच माळावर, कुत्री नाहीत बघून सोडायचं. धरताना शिंगं स्वतःच्या पोटाच्या रेषेत ठेवू नका. नराचं शिंग मांडीत घुसलं की पुढची नोकरी लंगडत होते.

गर्दीसाठी एकट्याच्या बळावर जाऊ नका. निघतानाच पोलीस पाटील, सरपंच आणि पोलीस ठाणे, तीन फोन. काठापासून दोर लावून हद्द आखा. गावातलीच चार तगडी, मान असलेली माणसं निवडून त्यांच्या हातात दोर द्या. वर्दीवाला ओरडला की पब्लिक हुज्जत घालते, पण तालमीचे वस्ताद "मागं सरा" म्हणाले की सरकते. परिस्थिती हाताबाहेर जाईल असं वाटलं तर वरिष्ठांमार्फत जमावबंदी मागा. पूर्वीचं कलम 144, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं 163.

रिकाम्या वेळात बीटमधल्या उघड्या विहिरींच्या मालकांना भेटून कठड्याचं बोला. निधी कुठून बसवता येईल ते आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना विचारा. नाहीच जमलं तर तात्पुरतं काटेरी कुंपण.

तार, गोळे आणि रात्रीची गस्त

मका आणि उसाच्या कडेला डुकरांसाठी काही जण तारेत करंट सोडतात. बेकायदा आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी होतं. रात्री बांधावरून चालताना वर्दीवाल्यालाही ती तार ओळखत नाही. म्हणून रात्री शेताच्या कडेनं जायचंच नाही, माळातून किंवा गाडीवाटेनं जायचं. बॅटरीचा झोत पुढच्या दहा पावलांवर, जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर फिरता ठेवा. तार तिथंच असते. खुंट्या, बाटल्या, लाकडी मेखा ओळीनं दिसल्या की थांबा. मेलेलं डुक्कर, कुत्रं तारेजवळ दिसलं तर हात लावू नका, सोबत्याला चिकटलेलं पाहिलं तरी आधी वीज तोडा. त्या भागाच्या वायरमनचा नंबर तुमच्या फोनमध्ये पहिल्या पाचात असला पाहिजे.

पिठाच्या किंवा आतड्याच्या आवरणात गुंडाळलेला गोळा जमिनीवर दिसला तर तो डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो. उचलायचा नाही, काठीनं ढोसायचा नाही. खूण करा, माणूस ठेवा, पोलिसांना बोलवा.

रात्री कधीच एकटे जाऊ नका. अंधारी रात्र, सणाची रात्र, आणि जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळं शहर गुंतलेलं असतं त्या रात्री माळावर फिरून या. सर्चलाइटवाले असल्याच रात्री निवडतात. जीप दिसली तर पुढे उभं राहून अडवू नका. गाडीचा नंबर, दिशा, माणसं किती, बंदूक दिसली का, एवढं टिपा आणि रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या टीमला, पोलिसांना कळवा. तुमच्या हातात काठी आहे, त्यांच्याकडे बंदूक. माळावरून डांबरीवर येणाऱ्या वाटा मोजक्याच असतात. पहिल्या महिन्यात काढलेला नकाशा इथं कामाला येतो. मुरूम चोरणाऱ्या ट्रॅक्टर-डंपरलाही हेच लागू. डंपर कोणासाठी ब्रेक मारत नाही.

वणवा

15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपला आगीचा हंगाम. माळाचं गवत मात्र डिसेंबरातच पिवळं पडतं, त्यामुळे जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून काढलेले पट्टे) जानेवारी संपायच्या आत काढून झाल्या पाहिजेत. रेषा जाळायची ती भल्या पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना, आणि दोन्ही कडा आधी कापून. दहा वाजता मजूर येणार म्हणून दहाला पेटवणारा माणूस स्वतःच वणवा लावतो.

आग लागते ती बहुतेक विडीनं, बांध पेटवल्यानं, उसाचं पाचट जाळल्यानं, नाहीतर नवं गवत फुटेल म्हणून मुद्दाम. उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो, पण माळाचं गवत इतकं भराभर जळतं की कित्येकदा इशारा येईपर्यंत सगळं काळं झालेलं असतं. मेंढपाळाचा फोन आधी येतो.

विझवायला गेलात की आधी दोन मिनिटं उभे राहून वारा बघा. मूठभर माती सोडा. आगीच्या तोंडासमोर कधी जायचं नाही. शेपटीकडून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी पुढे सरकायचं, आणि शक्यतो जळालेल्या बाजूला पाय ठेवून. जळून गेलेलं काळं रान ही तुमची सुरक्षित जागा. वारा फिरला तर पुढे गवतात पळू नका, ज्वाळा कमी असतील तिथून काळ्यात शिरा. चढावर तर अजिबात पळू नका, आग चढाला माणसापेक्षा जोरात जाते. कडुलिंबाच्या हिरव्या डहाळ्या अजूनही उत्तम. झोडपायचं नाही, दाबून आगीकडे सारायचं. झोडपलं की ठिणग्या मागे उडतात. ब्लोअर असेल तर ब्लोअरवाला, त्याच्या मागे डहाळीवाले, आणि सगळ्यात मागे एक माणूस धुमसणारं शेण आणि खोडं विझवत. हा शेवटचा माणूस विश्वासातला हवा, कारण दुपारी पुन्हा पेटतं ते त्याच्याच वाटचं.

कपडे सुती. आपली वर्दी टेरीकॉटची असते, ती आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. आगीवर जाताना जुना जाड सुती शर्ट, तोंडाला ओला पंचा, बंद बूट. सॅंडल घातलेल्या मजुराला आगीवर न्यायचं नाही, त्याला पाणी आणायला पाठवा.

जिथं ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावून ठेवलीय तिथं आग जास्त वेळ टिकते, गवतात झर्रकन निघून जाते. माळावर झाडं लावायचा उत्साह अजून ओसरलेला नाही. माळढोकाला, काळविटाला उघडं रान लागतं. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला कोणी खड्डे मागायला आलं तर त्यांना रस्त्याकडेची जागा दाखवा.

साप, लांडगा, बिबट्या

नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही इथं आहेत. मुरमाड माळावर फुरसं जास्त भेटतं, दगडाखाली हात घालाल तिथं. मण्यार रात्री चौकीत येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, म्हणून माणूस परत झोपतो. चौकीत खाटेवरच झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. तो भाग हलू न देता, चालायला न लावता थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात. कुठल्या ग्रामीण रुग्णालयात ते आहे ते आधीच विचारून ठेवा, नसेल तर सोलापूरचं सिव्हिल. साप मारून सोबत नेण्याच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडचं प्रतिविष चारही सापांवर एकच असतं.

लांडगा निरोगी असेल तर माणूस दिसताच वाट सोडतो. दिवसाढवळ्या वस्तीत शिरून समोर येईल त्याला चावत सुटलेला लांडगा किंवा कोल्हा पिसाळलेला समजा. चावा बसला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, मग लस आणि जखमेत द्यायचं सीरम, त्याच दिवशी. रुजू होताच रेबीजची आगाऊ लस घेऊन टाका.

बिबट्याचं करमाळ्यानं शिकवलं. डिसेंबर 2020 मध्ये तिथं माणसं मारणाऱ्या बिबट्याला शेवटी गोळी घालावी लागली. त्या दिवसांत बिबट्याइतकीच धास्ती काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उसात शिरणाऱ्या जमावाची होती. उसाला चारही बाजूंनी घेरू नका, एक बाजू मोकळी ठेवा, रात्र होऊ द्या. बेशुद्धीचं इंजेक्शन लागलं तरी जनावर लगेच पडत नाही. मधली काही मिनिटं सगळ्यात वाईट, आणि लोक नेमके तेव्हाच पुढे धावतात. मारायचा, पकडायचा अधिकार वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वरून येतो. सरपंच किंवा आमदार फोनवर काहीही म्हणोत, तुम्ही तो निर्णय घेऊ नका.

2024 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरकडचा वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटापर्यंत आला आणि बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हा माग काढायचं काम आपल्याकडेही येऊ शकतं. ठशांच्या मागे दाट झुडपात शिरू नका, ठसा मोजा, फोटो काढा, मागे फिरा. ताडोब्यात 20 नोव्हेंबर 2021 रोजी वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्यासोबत मजूर होते, वाघीण दिसल्यावर त्या थांबल्याही होत्या. सगळं नियमानं करूनही असं होऊ शकतं. म्हणूनच, जिथं न जाऊन भागतं तिथं जायचं नाही.

गुन्हा आणि कागद

फासा, वाघर (शिकारीचं जाळं), मेलेलं जनावर, आरोपी, काहीही हाती लागलं तर आधी जागा जशीच्या तशी ठेवा. पंच गावातले, पण आरोपीच्या भावकीतले नकोत. फोटो, अक्षांश-रेखांश, वेळ, मोबाइलवर चित्रीकरण, मग वस्तू सील. पी.ओ.आर. (प्राथमिक गुन्हा अहवाल) त्याच दिवशी फाडा. काळवीट, लांडगा, घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा 3 ते 7 वर्षं आणि दंड किमान 25,000 रुपये. कोर्टात असलं प्रकरण पंचनाम्यावर उभं राहतं किंवा पडतं. कबुलीजबाब तुम्ही घेऊ नका. पुराव्यात धरला जाईल असा जबाब सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढेच होतो. आरोपीला हात लावू नका, 24 तासांत कोर्टापुढे उभा करा. मारहाणीची एक तक्रार तुमच्या दहा चांगल्या पंचनाम्यांना पुरते.

दैनंदिनी रोज लिहा, रात्री झोपायच्या आधी. कुठल्या वाटेनं गेलो, कोण भेटलं, काय दिसलं. लोकांना 1926 हा खात्याचा नंबर सांगत जा, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी फोन कुठंतरी उचलला जाईल.

आणि हजेरीपट. आगीवर, विहिरीवर, रात्रीच्या गस्तीला तुमच्यासोबत येणारा बहुतेक वेळा रोजंदारीचा माणूस असतो. नोकरी तुमची पक्की, विमा तुमचा, वैद्यकीय बिल तुमचं. तो भाजला किंवा पडला तर तो त्या दिवशी कामावर होता हेच त्याच्या बायकोला सिद्ध करत फिरावं लागतं. "चल रे जरा" म्हणून उठवून नेलेल्या माणसाचं नाव कुठंच नसतं. म्हणून रात्री दोनला वणव्याचा फोन आला तरी निघण्याआधी चौकीच्या दिव्यात हजेरीपट काढा, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहा, अंगठा किंवा सही घ्या, पानाचा फोटो वनपालांना पाठवा. मग गाडी काढा.